मुक्काम कोठें, भोजन कोठें?

दूर देशीं निघालेल्या माणसाला राजवाडे, चित्रशाळा आणि पर्वतांचीं शिखरें यांची ओढ असते खरी. परंतु प्रवासाची परीक्षा होते ती दिवस मावळल्यावर. पाय दमलेले असतात, भूक लागलेली असते आणि मनांत दोनच प्रश्न उरतात: आज पाठ टेकायची कोठें, आणि पोटांत कांहीं पडणार कीं नाहीं? प्रवासवर्णनें लिहिणारे बहुतेक लेखक हे प्रश्न क्षुद्र समजून टाळतात. पण जर्मनी आणि ऑस्ट्रिया या दोन देशांपुरतें पाहिलें, तर या क्षुद्र प्रश्नांच्या उत्तरांत पांचशें वर्षांचा समाजेतिहास सांठलेला आढळतो. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला आंत घ्यावयाचें कीं नाहीं, हें कोण ठरवितो, या एका गोष्टीभोंवतीं तो सारा फिरतो.

आरंभ इरॅस्मसपासून करावयास हरकत नाहीं. या डच पंडिताच्या आयुष्याचा मोठा भाग प्रवासांत गेला. त्याच्या लॅटिन संवादांच्या १५२३ सालच्या आवृत्तींत एक संवाद निरनिराळ्या देशांतील सरायांविषयीं आहे. फ्रान्समधील लियों शहरांत उतारूचें स्वागत कसें हंसतमुखानें होतें, तें सांगून झाल्यावर संवादांतील प्रवासी जर्मन सरायांकडे वळतो. तेथें दाराशीं येऊन ‘या, बसा’ म्हणणारें कोणी नाहीं. उतारूंच्या मागें लागणें सरायवाल्याला हलकेपणाचें वाटतें. पुष्कळ वेळ हाका मारल्यावर शेगडीच्या खोलीच्या खिडकींतून एक डोकें बाहेर येतें. इरॅस्मसनें त्याला कांसवाची उपमा दिली आहे. जागेविषयीं विचारावें, आणि मान नकारार्थी हलली नाहीं म्हणजे जागा आहे असें समजावें. तबेला कोठें तें हातानें दाखविलें जातें. घोड्याची चाकरी ज्याची त्यानें करावयाची. मग बूट, गांठोडीं आणि चिखल यांसह सर्वांनीं त्या एकाच खोलींत शिरावयाचें. जर्मन घरांतील शेगडी म्हणजे कोळशाची उघडी शेगडी नव्हे. भिंतीशीं उभारलेली, फरशा जडविलेली, बंद तोंडाची ती एक उंच भट्टीच असते, आणि थंडीच्या दिवसांत सगळें घर तिच्याभोंवतीं गोळा होतें. व्यापारी, गाडीवान, खलाशी, शेतकरी, बायका, मुलें, आजारी आणि धडधाकट असे ऐंशी-नव्वद जीव तेथें एकत्र घामेजून बसलेले असतात. कोणी जराशी खिडकी उघडली कीं चारी बाजूंनीं ओरडा होतो. संध्याकाळीं कितीहि लवकर पोंचलें तरी शेवटचा उतारू आल्यावांचून कोणालाच जेवण मिळत नाहीं. अखेर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा चाकर येतो, डोकीं मोजतो, जाडेंभरडें कापड मेजावर पसरतो आणि प्रत्येकापुढें लांकडी थाळी व लांकडी चमचा ठेवतो. तरीहि अन्न येण्यास आणखी घटकाभर लागते ती लागतेच. दारू आंबट निघाली म्हणून कुरकुर केली, तर येथें मोठमोठे सरदार उतरून गेले, त्यांनीं तक्रार केली नाहीं, नको असेल तर दुसरी सराय पाहावी, असें उत्तर मिळतें. हिशेब मात्र सर्वांना सारखा. पोटभर दारू पिणारा आणि नुसती चाखून ठेवणारा, दोघांनींहि तेवढेंच द्यावयाचें.

इरॅस्मसची प्रकृति नाजुक होती. मासळीचा आणि बंद शेगडीचा वास त्याला सहन होत नसे. त्यामुळें त्याचें वर्णन तिखटमीठ लावलेलें आहे हें उघड दिसतें. परंतु एक गोष्ट त्यानें अचूक टिपली. जर्मन भाषेंत ‘विर्ट’ हा एकच शब्द यजमान आणि खाणावळवाला या दोघांनाहि लावतात, आणि त्या काळचा विर्ट स्वतःला दुकानदार समजत नसे. घर त्याचें, पंगत त्याची, वेळ त्याची. आलेल्यानें काय खावें हें आलेल्याला विचारण्याची पद्धत नव्हती. त्या पंगतींत सरदाराला आणि गाडीवानाला एकच न्याय होता हें खरें. पण निवड कोणालाच नव्हती.

याच मुलुखांतून १५८० च्या शरद् ऋतूंत फ्रेंच निबंधकार माँतेन गेला. वय सत्तेचाळीस, मुतखड्याची व्यथा जडलेली, म्हणून औषधी पाण्याचीं कुंडें शोधीत तो निघाला होता. बाझेल, लिंडाउ, औग्सबुर्ग, म्युनिक, इन्सब्रुक असा मार्ग धरून तो पुढें इटलींत उतरला. त्याच्या प्रवासाची दैनंदिनी, जिचा बराच भाग त्याच्या चिटणीसानें लिहिला आहे, ती पुढें जवळजवळ दोन शतकें त्याच्या वाड्यांत एका पेटींत पडून राहिली. १७७० सालीं ती सांपडली आणि १७७४ सालीं छापली गेली. इरॅस्मसनें ज्याची थट्टा केली तेंच माँतेनला रुचलें. शेगडीची धुरावांचूनची ऊब त्याला आपल्या देशांतील चुलाण्यापेक्षां बरी वाटली. पिसांची रजई पांघरून पाहण्याचा त्यानें हट्ट धरला आणि ती हलकी व उबदार असल्याचा निर्वाळा दिला. मांसाबरोबर शिजविलेले आलुबुखार आणि नासपतीचे पदार्थ वाढण्याची चाल त्यानें नोंदवून ठेवली. ज्या देशांत जावें तेथल्या रीतीनेंच वाढून घ्यावें, हा त्याचा नियम होता, आणि अडचण सोसूनहि तो त्यानें पाळला.

लिंडाउ येथें असतांना त्याला तीन गोष्टींची चुटपुट लागली. एक, आपण बरोबर स्वयंपाकी आणला असता तर त्याला येथल्या पाककृति शिकतां आल्या असत्या. दुसरी, जर्मन नोकर किंवा या देशांतील एखादा गृहस्थ सोबतीला घ्यावयास हवा होता. तिसरी सर्वांत महत्त्वाची: निघण्यापूर्वीं या प्रदेशाविषयींचीं पुस्तकें आपण वाचलीं नाहींत, मुन्स्टरचा भूगोलग्रंथ पेटींत टाकला नाहीं. येथें प्रवासाच्या इतिहासाला एक वळण लागलेलें दिसतें. सोय झाली नाहीं म्हणून यजमानाला शिव्या देण्याऐवजीं, तयारी आपण करावयास हवी होती असें म्हणणारा हा प्रवासी आहे.

पुस्तकांचे दिवस यावयास मात्र अजून अडीचशें वर्षें होतीं. दरम्यान रस्ते आणि टपाल यांनीं थोडें काम केलें. सम्राट् माक्सिमिलियनच्या वेळीं, १४९० सालीं, टाक्सिस घराण्यानें इन्सब्रुकपासून नेदरलंड्सपर्यंत घोडेटपालाची सांखळी उभारली होती. ठराविक अंतरावर घोडा बदलावयाचा, म्हणून ठराविक अंतरावर तबेला आला आणि तबेल्यापाठोपाठ खाणावळ आली. बव्हेरिया आणि टिरोल येथील कितीतरी गांवांत आजहि जुन्यांतल्या जुन्या उपाहारगृहाचें नांव ‘पोस्ट’ असेंच असतें.

गाडीघोडा नसलेल्यांची गोष्ट निराळी. सुतार, चांभार, शिंपी, लोहार यांच्या धंद्यांत शिकाऊपण संपल्यावर कारागिराला कांहीं वर्षें गांवोगांव हिंडून काम करावें लागे; त्यावांचून उस्ताद होतां येत नसे. त्याची झोंपण्याची सोय धंद्याच्या पंचायतीनें नेमून दिलेल्या उताऱ्याच्या जागीं होई. एकोणिसाव्या शतकांत कारखाने आले, पंचायती मोडकळीस आल्या आणि या फिरत्या पोरांना कोणी वाली उरला नाहीं. आडोल्फ कोल्पिंग हा राइनकांठचा चांभार त्यांच्यांतलाच एक. कोलोन शहरांत त्याच्या सोबत्यांची राहणी त्यानें डोळ्यांनीं पाहिली. मग वयाच्या तेविसाव्या वर्षीं ऐरण व आरी खालीं ठेवून तो पोरांबरोबर शाळेच्या बांकावर जाऊन बसला, १८४५ सालीं धर्मोपदेशक झाला, आणि १८४९ सालीं त्यानें कोलोनमध्यें अवघ्या सात कारागिरांना घेऊन संघ काढला. कामासाठीं हिंडणाऱ्या मुलाला परगांवीं स्वच्छ अंथरूण, गरम जेवण आणि चार भल्या माणसांची संगत मिळावी, एवढाच हेतु. त्याच्या नांवाचीं वसतिगृहें दोन्ही देशांत अजून चालू आहेत.

भोजनाच्या बाबतींत मात्र दोन राजाज्ञांनीं मोठी गंमत करून ठेवली आहे. ऑस्ट्रियाचा सम्राट् दुसरा जोसेफ यानें १७८४ सालीं, ज्यानें त्यानें आपल्या मळ्यांत पिकविलेलें अन्न व द्राक्षमद्य कोणत्याहि वेळीं व कोणत्याहि भावानें विकावें, अशी मोकळीक दिली. व्हिएन्नाभोंवतींच्या द्राक्षमळ्यांत दारावर हिरवी डहाळी टांगून नवें मद्य विकण्याची चाल तिच्या आधारानें फोंफावली. पुढें १८१२ सालीं बव्हेरियाचा राजा माक्सिमिलियन योसेफ यानें उलट बाजूनें तोडगा काढला. बियर करणाऱ्यांनीं आपल्या तळघरांवर, झाडांच्या सावलींत, बियर खुशाल विकावी, परंतु भाकरीखेरीज अन्न विकूं नये. कारण मग खाणावळवाल्यांनीं काय करावें? परिणाम असा झाला कीं लोक घरून शिदोरी घेऊन येऊं लागले. खाणावळवाल्यांचें पोट जपण्यासाठीं घातलेल्या बंधनांतून गिऱ्हाइकाला आपली भाकरी आपण आणण्याचा हक्क मिळाला! बव्हेरियांतील बियरच्या बागांतून तो हक्क आजवर टिकला असून, काटकसरी प्रवाशाला आपल्या दुपारच्या जेवणाचा बेत त्यावर आंखतां येतो.

आतां कार्ल बेडेकर याच्याकडे वळूं. हा १८०१ सालीं एसेन येथें छापखानदार व पुस्तकविक्रेत्यांच्या घराण्यांत जन्मला आणि १८२७ सालीं त्यानें कोब्लेन्झ येथें पुस्तकांचें दुकान घातलें. राइन नदींत आगबोटी सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते; पूर्वीं सरदार-दरकदारांनीं करावयाचा प्रवास आतां शिक्षक, कारकून आणि व्यापारी करूं लागले होते. या नव्या प्रवाशाजवळ पैसे मोजके आणि सुट्टी मोजकी. धक्क्यावर उतरतांच त्याला हमाल, वाटाडे, गाडीवाले आणि हॉटेलांचे दलाल घेरीत. खोलीचें भाडें एक सांगत आणि हिशेबांत मेणबत्ती निराळी, चाकरी निराळी अशी भर पडे. क्लाइन नांवाच्या प्राध्यापकाचें राइनप्रवासावरील एक पुस्तक बेडेकरच्या हातीं आलें होतें. त्याची नवी आवृत्ति त्यानें १८३५ सालीं काढली, आणि पुढें लंडनच्या मरे यांच्या मार्गदर्शकांचा नमुना समोर ठेवून तें सगळेंच नव्यानें रचलें. प्रवाशाला भाडोत्री वाटाड्यांच्या तावडींतून सोडवून होतां होईल तों स्वतंत्र करावयाचें, हा हेतु त्यानें उघड सांगितला होता.

त्यासाठीं त्यानें पत्करलेला मार्ग साधा आणि कष्टाचा होता. जें लिहावयाचें तें स्वतः जाऊन पाहावयाचें. हॉटेलांत नांव न सांगतां उतरावें, बिछाना पाहावा, जेवण चाखावें, हिशेब तपासावा आणि मगच शिफारस करावी. ज्या गोष्टी विशेष, त्यांच्यापुढें एक चांदणी. त्याहून विशेष, त्यांना दोन. मिलानच्या मंदिराचे जिने तो चढत असतांना बरोबरच्या एका गृहस्थानें त्याला दर वीस पायऱ्यांना बंडीच्या खिशांतील एक वाटाणा विजारीच्या खिशांत टाकतांना पाहिलें अशी आख्यायिका आहे. उतरतांना उलट मोजणी करून त्यानें आंकडा पडताळला म्हणे. १८५९ सालीं तो वारला. मुलांनीं धंदा वाढविला, १८७२ सालीं तो लाइप्झिगला नेला, आणि ‘बेडेकर’ हें माणसाचें नांव न राहतां तांबड्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाचें नांव होऊन बसलें. त्यांत खोलीचा दर, न्याहारीचा दर, दुपारीं एकच्या सुमारास मिळणाऱ्या सामाईक पंगतीचा दर, नोकरांना द्यावयाची बक्षिसी, सगळें असे. इरॅस्मसच्या वेळीं विर्ट उतारूची परीक्षा घेत असे. आतां उतारू खिशांत पुस्तक घालून विर्टाची परीक्षा घेऊं लागला. चांदणी गेली तर गिऱ्हाईक जाईल, या धाकानें कितीतरी अंथरुणें स्वच्छ झालीं असतील. धर्मोपदेशानें जें साधलें नाहीं तें छापील चांदणीनें साधलें म्हणावयाचें!

बेडेकरची सत्ता जेथें सडक आहे तेथवर. सडकेच्या पलीकडे, टिरोलच्या उंच दऱ्यांत, विकत घ्यावयालाहि छप्पर नव्हतें. तेथें फ्रान्झ झेन हा गरीब धर्मोपदेशक उपयोगी पडला. १८६० सालीं त्याची नेमणूक सुमारें १,९०० मीटर उंचीवरील फेंट या खेड्यांत झाली. गांवकऱ्यांचें दैन्य पाहून त्याला सुचलें कीं पर्वत पाहावयास येणारे लोक येथें राहतील, जेवतील, वाटाडे घेतील, तर घरांत दोन पैसे येतील. त्यानें पायवाटा बांधल्या, तरुणांना वाटाड्याचें काम शिकविलें आणि धर्मोपदेशकाच्या राहत्या घराचीच अतिथिशाळा केली. त्यांत तो कर्जबाजारी झाला. १८६२ सालीं व्हिएन्नांत ऑस्ट्रियन आल्प्स-मंडळ निघालें होतें. परंतु त्यांतील विद्वानांचा कल ग्रंथप्रकाशनाकडे अधिक, म्हणून झेन, प्रागचा व्यापारी योहान ष्ट्यूडल व त्यांचे मित्र यांनीं १८६९ सालीं म्युनिक येथें दुसरें मंडळ काढलें. १८७३ सालीं दोन्हीं मंडळें एक झालीं. पुढल्या पन्नास वर्षांत या मंडळाच्या गांवोगांवच्या शाखांनीं वर्गण्या जमवून आल्प्सवर शेंकडों झोंपड्या बांधल्या. ओळीनें टाकलेल्या गाद्या, सामाईक चूल, गरम रस्सा, आणि मंडळाच्या सभासदाला आधीं जागा. झेन १८८४ सालीं वारला. दुसऱ्या वर्षीं ष्टुबाइ दरींत उघडलेल्या झोंपडीला त्याचें नांव दिलें गेलें.

मुलांचा विचार अजून कोणीं केला नव्हता. तो केला एका शाळामास्तरानें. वेस्टफालियांतील आल्टेना येथील रिचर्ड शिरमान हा मुलांना चार भिंतींबाहेर शिकवावें अशा मताचा होता. १९०९ च्या ऑगस्टमध्यें तो विद्यार्थ्यांना घेऊन पायीं सहलीला निघाला असतां ब्र्योल नदीच्या खोऱ्यांत वादळानें त्यांना गांठलें. एका खेड्यांतील शाळेची खोली उघडून मिळाली, कोणा शेतकऱ्यानें पेंढा दिला, आणि मुलें निजलीं. विजा रात्रभर चमकत होत्या आणि मास्तर जागा होता. प्रत्येक गांवांत शाळा आहे, सुट्टींत ती रिकामी आहे, मग दिवसाच्या पायवाटेच्या अंतरावर अशी एकेक शाळा मुलांच्या मुक्कामाला कां उघडूं नये? त्यानें प्रथम आपल्याच शाळेंत सुट्टींत पेंढ्याच्या गाद्या घातल्या. १९१२ सालीं आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें युवकनिवास सुरू झालें. तेथें व्यवस्था पाहणाऱ्या जोडप्याला घरचे आईबापच म्हणत. १९३२ पर्यंत जर्मनींत अशीं दोन हजारांहून अधिक निवासगृहें झालीं होतीं. गिरणीकामगाराच्या पोरालाहि आतां पाठीवर पिशवी टाकून सारा देश पाहतां येऊं लागला.

येथपर्यंतची हकीकत ऐकून असें वाटेल कीं दारें एकामागून एक उघडतच गेलीं. तसें घडलें नाहीं. बेडेकरच्या यादीशेजारीं विसाव्या शतकाच्या आरंभापासून दुसरीहि एक यादी छापली जात होती. जर्मन ज्यूंची मध्यवर्ती संस्था १८९३ सालीं बर्लिन येथें स्थापन झाली होती; उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीं तिच्या नियतकालिकांत, कोणत्या हॉटेलांत आणि कोणत्या हवापालटाच्या गांवीं ज्यूंना येऊं देत नाहींत, त्यांचीं नांवें येत. सुशिक्षित, पैसेवाल्या कुटुंबांना दोन्ही याद्या जवळ ठेवून मुक्काम आंखावा लागे: एक कोठें जावें हें सांगणारी, दुसरी कोठें जाऊं नये हें सांगणारी. आणि हें सारें हिटलर सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधीं. संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग १९२१ च्या उन्हाळ्यांत साल्झबुर्गजवळील माट्झे या तळ्याकांठच्या गांवीं सहकुटुंब राहावयास गेला होता. गांवकारभाऱ्यांनीं पाहुण्यांना आपण ज्यू नसल्याचा पुरावा दाखविण्यास फर्माविलें. शोनबर्गचा १८९८ सालींच ख्रिस्ती धर्माप्रमाणें बाप्तिस्मा झालेला होता. कागद दाखविला असता तर त्याला राहतां आलें असतें. त्यानें बिऱ्हाड गुंडाळलें आणि तो ट्राउनकिर्खेन येथें गेला.

डोंगरावरहि हेंच. आल्प्स-मंडळाच्या व्हिएन्नांतील ‘ऑस्ट्रिया’ शाखेनें १९२१ सालीं ज्यूंना सभासदत्व बंद केलें. बाहेर पडलेल्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं ‘डोनाउलांड’ नांवाची निराळी शाखा काढली, तर १९२४ च्या डिसेंबरांत म्युनिक येथें सभा भरवून त्या सबंध शाखेलाच मंडळांतून काढून टाकण्यांत आलें. ज्यू आणि डोनाउलांडचे सभासद येथें नको आहेत, अशा पाट्या झोंपड्यांवर लागल्या. वादळांत सांपडलेल्या कोणालाहि आंत घ्यावें म्हणून ज्या बांधल्या, त्या झोंपड्यांवर! पुढें जें राजवटीनें केलें त्याची तालीम सुट्टीला आलेल्या सभ्य माणसांनीं आधींच करून ठेवली होती, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. १९३३ सालीं युवकनिवासें हिटलरच्या युवकसंघटनेच्या हातीं गेलीं, आणि १९३६ सालीं शिरमानला आंतरराष्ट्रीय युवकनिवास-संघाचें अध्यक्षपदहि सोडावें लागलें.

बेडेकरच्या पुस्तकांचेंहि दैव फिरलें. १९४२ सालीं जर्मन विमानांनीं बाथ, यॉर्क, कँटरबरी अशा इंग्लंडांतील जुन्या नगरांवर बाँब टाकले, तेव्हां त्या हल्ल्यांना लोकांनीं बेडेकरचेंच नांव दिलें. त्याच्या दुसऱ्या वर्षीं जर्मनव्याप्त पोलंडचा कारभारी हान्स फ्रांक याच्या सांगण्यावरून त्या प्रदेशाचें बेडेकर निघालें. हॉटेलें आणि आगगाड्या यांच्या माहितीबरोबरच कांहीं शहरांपुढें, तीं आतां ज्यूंपासून मुक्त आहेत, अशी नोंद त्यांत होती. त्याच वर्षीं ४ डिसेंबरला लाइप्झिगवर झालेल्या बाँबहल्ल्यांत बेडेकरांची कचेरी जळून गेली.

डोनाउलांड शाखेला हांकलल्यावर बर्लिनमधील कित्येक सभासद तेथील आपल्या शाखेंतून बाहेर पडले आणि १९२५ सालीं त्यांनीं स्वतःची संस्था काढली. तिनें त्सिलर दरीच्या वर, सुमारें २,५०० मीटर उंचीवर, १९२८ सालीं फ्रीझेनबेर्गहाउस हें दगडी घर बांधावयास घेतलें. नाझी राजवटींत संस्था बुडूं लागली तेव्हां तें डोनाउलांडच्या हवालीं झालें. १९३८ सालीं ऑस्ट्रिया जर्मनीला जोडल्यावर तें जप्त झालें. युद्ध संपल्यावर तें परत मिळालें, परंतु सांभाळण्यास माणसें फारशीं उरलीं नव्हतीं. १९६८ सालीं तें जर्मन आल्प्स-मंडळाच्या बर्लिन शाखेकडे गेलें. घर उन्हाळ्यांत उघडें असतें. दरींतून वर चढून येणाऱ्याला तेथें गरम जेवण मिळतें. रात्रीं निजावयास जागा हवी असेल, तर मात्र आधीं कळवावें लागतें.